ठेवायचा राहिलेला फोटो

४ डिसेंबर २००६

आलो एकदाचा जव्हारला! नाशिकहून सकाळची एस.टी. धरली. त्र्यंबक सुटल्यावर वळणं सुरू झाली आणि मोखाडा येईपर्यंत दोनदा खिडकीबाहेर डोकं काढलं. पण जव्हारला उतरलो आणि गार वाऱ्याने सगळा शीण घालवला. लोक याला ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर म्हणतात. म्हणू देत बापडे. खऱ्या महाबळेश्वरने मला कुठे नोकरी दिली होती?

स्टुडिओ बाजारपेठेत, पहिल्या मजल्यावर आहे. खाली भांड्यांचं दुकान. मालकीण उज्ज्वलाताई. त्यांचे यजमान पंचायत समितीत क्लार्क आहेत, पण स्टुडिओत शब्द चालतो तो ताईंचाच. त्यांनी चहा पाजला, कॉम्प्युटर दाखवला आणि मागची खोली राहायला दिली. खिडकीतून थेट दरी दिसते. काम असं की कॅमेऱ्यातलं कार्ड कॉम्प्युटरला जोडायचं, फोटो उतरवून घ्यायचे, रंग सुधारायचे, अल्बम लावायचा. आणि कार्ड रुसलं तर त्यातले गेलेले फोटो परत मिळवायचे. हे शेवटचं मला येतं, म्हणून तर नाशिकहून बोलावणं आलं.

पुढे कॅमेराही हातात देऊ, असं ताई म्हणाल्या. मला हवंय ते तेच. दुसऱ्याने काढलेल्या नवऱ्यामुलींचे गाल गोरे करत बसायला मी आलेलो नाही. मला फोटोग्राफर व्हायचंय. आईला फोन करून सांगितलं तर ती आधी रडली आणि मग स्वेटर घातलास का म्हणाली. छान वाटतंय.

९ डिसेंबर

इथे एक गौतम आहे.

स्टुडिओचा फोटोग्राफर. वडील मास्तर, घर इथेच, वय माझ्याएवढंच. बुलेटवरून येतो, गॉगल कपाळावर, आणि जिना चढताना शीळ. मला पहिल्याच दिवशी ‘नाशिककर’ करून टाकलं. आता सगळी बाजारपेठ मला नाशिककर म्हणते. काचेच्या शोकेसमधले सगळे फोटो त्याचे आहेत. एक म्हातारा नाचणी झोडपतोय, त्या फोटोपुढे तर लोक चपला हातात घेऊन उभे राहतात. देऊळ आहे जणू.

मी फोटो नीट बघितला. उजेड चांगला मिळालाय, बाकी काही नाही. असा उजेड मिळाला तर कोणीही काढेल.

(रोजनिशीत खोटं लिहू नये. फोटो फार चांगला आहे. मला झोंबलं.)

१७ डिसेंबर

आज माझा दिवस होता. निदान व्हायला हवा होता.

साखरशेतच्या लग्नाचं कार्ड गौतमने आणून जोडलं, तेवढ्यात लोडशेडिंग. दिवे गेले, इन्व्हर्टरने मान टाकली, आणि लाइट आल्यावर कार्ड उघडेना. कॉम्प्युटर म्हणतो, कार्ड फॉरमॅट करा. ताईंचा चेहरा पांढरा पडला. मी शांतपणे गेलेले फोटो परत मिळवायची माझी सीडी काढली.

ताईंना समजावून सांगितलं की कार्डावरून फोटो पुसला तरी तो लगेच जात नाही. कार्ड फक्त त्याची जागा विसरतं. फोटो तिथेच पडून असतो, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून नियम एकच. मिळालेले फोटो त्याच कार्डावर साठवायचे नाहीत, दुसरीकडे साठवायचे. नाहीतर एक वाचवायला जावं आणि त्याच्याखाली दुसरा कायमचा गाडला जावा, असं होतं.

संध्याकाळपर्यंत लग्न अक्षतांसकट परत आणलं. मुलीचे वडील आले, फोटो बघून त्यांचे डोळे भरले, आणि त्यांनी जाऊन गौतमला मिठी मारली. काय फोटो काढलेत म्हणाले. मी शेजारीच उभा होतो. मला विचारलं की पिशवी मिळेल का.

मला गौतमचा हेवा वाटतो. लिहून टाकलं, आता बरं वाटेल.

२६ डिसेंबर

बरं वाटलं नाही.

आज गौतम मला दाभोशाच्या धबधब्याकडे घेऊन गेला. ताईंनीच सांगितलं होतं की नाशिककरलाही जरा कॅमेरा शिकव. शिकव! नदीच्या अलीकडच्या पाड्यावर हौशी म्हणून एक म्हातारी आहे. गौतमने मागच्या खेपेला तिचा फोटो काढला होता. तो छापून आणला होता, फुकट. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि घराच्या कुडाला खोचून ठेवला. मग माझ्याकडे बोट करून गौतमला विचारलं, “हा बी काढतो का? मंग ठेवाला येतो का?”

मला कळेना. परतताना गौतमने सांगितलं. आपण फोटो ‘काढला’ म्हणतो, या पाड्यावरच्यांनी तो शब्द नीट कान देऊन ऐकलाय. काढला म्हणजे माणूस त्याच्या जागेवरून काढला. मग तो परत ठेवायला नको? छापलेला फोटो आणून दिला की माणूस जागेवर ठेवला गेला. म्हणून इथे फोटो दे म्हणत नाहीत, ठेव म्हणतात. मी हसून विचारलं, नाही ठेवला तर? गौतम कधी नव्हे तो गंभीर झाला. म्हणाला, खूप वर्षांपूर्वी कोण्या पाहुण्याने हौशीआजीच्या दिराचा फोटो काढला आणि त्याचं रीळच जळालं. तेव्हापासून आजीला दीर एक होता की दोन, हे पाड्यावर कोणालाच सांगता येत नाही. आजी तेवढी दोन म्हणते.

येताना शिरपामाळला थांबलो. त्याने मला कॅमेरा दिला, मी त्याचा एक फोटो काढला. मग त्याने माझा काढला. स्क्रीनवर दाखवला.

मी इतका चांगला कधीच दिसलो नव्हतो. आरशातसुद्धा नाही. आणि मी काढलेला त्याचा फोटो हललेला होता, तरी तो रुबाबदारच दिसत होता. माणसाने करायचं तरी काय?

१४ जानेवारी २००७

तिळगूळ घ्या, गोड बोला! ताईंनी वड्या वाटल्या आणि वड्यांबरोबर बातमीही वाटली. नवा मोठा डिजिटल कॅमेरा आलाय. मार्चमध्ये मोखाड्याच्या बोहाड्याचं काम आपल्याला मिळालंय, देवादिकांची सोंगं नाचतात ते सगळे फोटो यात्रा कमिटीला हवेत. कॅमेरा गौतमकडे राहील. मी कॉम्प्युटरवर ‘फार छान’ बसलोय, म्हणून मी तिथेच बसावं.

गौतमने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, पुढच्या वर्षी तू, नाशिककर. पुढचं वर्षही त्यानेच वरून द्यायचं! तिळगूळसुद्धा गोड लागला नाही. अंगाची नुसती आग होतेय.

१५ जानेवारी

दुपारी गौतमने दाभोशाचं कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाला, आपले दोघांचे छापून टाक, ठेवायचे राहिलेत.

तो जेवायला गेल्यावर कार्ड उघडलं. तो शिरपामाळवर उभा, हललेला, हसरा. मी फक्त तेवढा एक फोटो पुसला. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की का?

नक्की.

पोरकटपणा झाला, पण पोटात थंड वाटलं. कार्ड ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. विचारलं तर सांगेन, बिघडलं.

१६ जानेवारी

गौतम आला नाही. दुपारी ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कोण गौतम?

मला वाटलं, चेष्टा करतायत. परत विचारलं. त्या खरोखर आठवायचा प्रयत्न करत होत्या, कपाळाला आठ्या घालून. मग म्हणाल्या, असा कोणी आपल्याकडे नव्हता रे. आणि नवा कॅमेरा कपाटातून काढून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, तुझ्याशिवाय आहे कोण फोटो काढायला?

१८ जानेवारी

त्याच्या घरी जाऊन आलो. दारात आई तांदूळ निवडत होती. मी गौतम आहे का विचारलं. ती म्हणाली की तिला दोन मुलीच आहेत, दोघी दिल्या घरी सुखी आहेत. मास्तरही आतून बाहेर आले, पाणी दिलं. ओसरीवर बुलेट उभी राहायची तिथे तेलाचा डाग आहे. तो कशाचा, हे त्यांनाही माहीत नाही.

घाबरलो. हे खरं. पण खोलीत आलो, टेबलावर कॅमेरा होता, त्याचा पट्टा गळ्यात घातला आणि आरशात बघितलं. काय लिहू? मला आनंद झाला. हातून काही तरी भयंकर झालंय हे कळत होतं आणि तरी आनंद होत होता.

११ फेब्रुवारी

लग्न झालं, बारसं झालं, बँकेच्या साहेबांचा निरोप समारंभ झाला. सगळे फोटो मी काढले. लोक घेऊन गेले. कोणी काही बोललं नाही, आणि ते न बोलणंच बोचतं.

आज एक बाई शोकेससमोर उभी राहून म्हणाली, हे ज्यांनी काढलेत त्यांनाच पाठवा. ताई म्हणाल्या, हाच की तो. बाईने माझ्याकडे पाहिलं, नाचणीच्या फोटोकडे पाहिलं, आणि म्हणाली, नाही हो, हे नव्हेत.

नंतर ताईसुद्धा त्या फोटोकडे बघत बसल्या. काढला तरी कोणी असेल रे, म्हणाल्या, काय हात होता. माणूस जगातून गेला, नावसुद्धा राहिलं नाही, तरी याचं कौतुक चालूच! नाव असतं तर चारचौघांत शिव्या तरी घातल्या असत्या. आता जळायचं तर एकट्याने जळा.

१९ मार्च

मोखाड्याहून परत आलो. बोहाडा झाला. टेंभ्यांचा उजेड, संबळ, मुखवटे चढवून नाचणारी सोंगं. मी जीव ओतून फोटो काढले.

एकही धड नाही. मुखवट्यांचे नुसते धूर. ताईंनी सगळे पाहिले आणि न रागावता म्हणाल्या, नाशिकहून कोणी चांगला माणूस बघावा लागेल. मला परत कॉम्प्युटरवर ‘छान’ बसायचंय. कमिटीचा माणूस चार दिवसांनी येणार.

२० मार्च

सुचलं. ड्रॉवरमधलं ते कार्ड गौतम दोन वर्षं वापरत होता. गेल्या वर्षीचा बोहाडाही त्यावरच काढलेला. पुसलेला, पण वर फारसं लिहिलं गेलेलं नाही. म्हणजे तळाशी पडून आहे. तो मिळवायचा आणि माझा म्हणून द्यायचा. गौतमचे फोटो, नाव माझं. कोण विचारणार? त्याला तर कोणी ओळखतच नाही.

२१ मार्च

घाईत लिहितोय. कार्ड उघडेना म्हणून आधी फॉरमॅट केलं, त्यात माझाही फोटो पुसला गेला, मग सीडी लावली. मिळाले. सगळे मिळाले. काय फोटो आहेत! खंडेरायाच्या सोंगाची मान वळलेली, मागे ठिणग्या... बघताना मी त्याला शिव्या दिल्या आणि रडलोही.

पण चूक केली. कॉम्प्युटर लग्नांच्या अल्बमनी गच्च भरलेला, लाइट जायची वेळ, इन्व्हर्टर कुंई कुंई करतोय आणि ताई खालून हाका मारतायत. फोटो कुठे साठवू म्हणून विचारलं. रिकामी जागा फक्त कार्डावरच होती. मी त्याच कार्डावर म्हटलं.

नियम मीच सांगत फिरायचो.

आणि एकेक निवडायला वेळ नव्हता, म्हणून ‘सगळे’ म्हटलं. त्यात शिरपामाळवरचा तोही आला. हललेला, हसरा.

२२ मार्च

माझ्या आधी ताईंनीच कार्ड लावून सगळं छापलं. बोहाडा बघून त्यांनी माझा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी तसा धरला. मग गौतमचा फोटो उचलून म्हणाल्या, हा कोण रे? चेहरा किती बोलका आहे, काचेत ठेव.

ठेव म्हणाल्या.

काचेचं दार उघडलं. मी ठेवला.

२३ मार्च

जिन्यात शीळ.

तो आला. पिशवी खुंटीला अडकवली. ताईंनी त्याला दूध संपलंय, आण म्हणून सांगितलं. कमिटीचा माणूस आला, बोहाड्याचे फोटो बघून गौतमच्या पाया पडायचा बाकी राहिला. कोणालाच नवल नाही. मधले दोन महिने कुठे गेले, हे मी सोडून कोणी विचारत नाही.

तो माझ्या टेबलापाशी आला. मग हळूच म्हणाला, तिथून सगळं दिसतं, नाशिककर. आवाज येत नाही, पण तोंडं दिसतात. तुझंही दिसायचं, पट्टा गळ्यात घालून आरशात बघताना.

रागावला नाही. एवढंच विचारलं, तुझा फोटो छापलास का?

२४ मार्च

छापला नव्हता. आज कार्ड उघडलं. माझा फोटो—

वरची पट्टी तेवढी आहे. केस, कपाळ. भुवयांखाली खंडेरायाचा मुखवटा. त्याखाली राखाडी.

मीच लिहिलं त्याच्यावर. माझ्या हाताने.

सीडी लावली. परत लावली. येत नाही. वर लिहिलं गेलं की येत नाही.

२५ मार्च

सकाळी ताईंनी विचारलं, काय हवंय भाऊ, पासपोर्ट की मोठा? मी हसलो. त्या हसल्या नाहीत. माझ्या खुर्चीवर गौतमची पिशवी होती.

आता मला कोणी नाशिककर म्हणत नाही. गौतमही नाही. तो म्हणायला जातो, ओठ हलवतो आणि थांबतो.

२६ मार्च

बूथवरून आईला फोन लावला. मी म्हणालो, मी बोलतोय. ती म्हणाली, कोण मी? मी म्हटलं, आई. ती म्हणाली, राँग नंबर आहे बाळा.

बाळा म्हणाली. सगळ्यांनाच म्हणते ती.

खोलीला कुलूप. ताईंनी लावलंय. आत अडगळ आहे म्हणाल्या. रोजनिशी अंगावर होती म्हणून वाचली.

२७ मार्च

दाभोशाला चालत गेलो. जीपवाल्याने थांबवली नाही, मला बघितलंच नसावं. हौशीआजीने बघितलं. तिला हात जोडले, म्हटलं ठेव मला. ती म्हणाली, “मना नाय येत रं. ज्याना काढला त्याना ठेवायचा.”

ज्याने काढला.

म्हणजे त्याच्याच पाया पडायचं. नाही. मेलो तरी—

नाही.

२८ मार्च

शोकेसपुढे दिवसभर उभा होतो. लोक माझ्यातून पुढे वाकून त्याचा नाचणीचा फोटो बघतात. मला धक्का लागत नाही त्यांचा. कोणी म्हणालं, काय हात आहे याचा.

अजूनही झोंबतं. सगळं गेलं, हे मात्र जात नाही. आईचा चेहरा आठवत नाही, त्याची शीळ सुरासकट—

मार्च

वर गेलो. त्याला दिसलो. अंधुक, म्हणाला. का आलो, ते त्यालाच कळलं. बस म्हणाला. परत काढतो, लगेच छापतो, हातात ठेवतो. रागवत का नाही हा? कीव करतो माझी. मला वाचवणार तोही तोच, लोक त्याचंच—

बसलो. स्टुलावर. तो कार्ड बदलतोय. मी लिहितोय तोवर हात दिसतो.

जुना फोटो असता तर तसाच चालला असता; नव्याने काढायचा तर फोटोच्या पाकिटावर नाव लागतं म्हणे. कुणाला ठेवायचं ते लिहिल्याशिवाय ठेवता येत नाही. तो नाव विचारतोय. त्याला आठवत नाही, डोळ्यांत पाणी आहे त्याच्या. मी वही उघडली. पहिल्या पानावर लिहिलेलं असणार. पान कोरं.

परत विचारतोय. लवकर सांग म्हणतो, तू दिसेनासा—

डोक्यात एकच नाव आहे. दुसरं कुठलंच नाही. रोज तेच घोकलंय, तेव्हा माझंच असेल. लिहून दाखवतो त्याला.

गौत